मला गाडी चालवता येत नाही

त्या उन्हाळ्यात मी ऊठसूट रडत होते. कुकरची शिट्टी झाली तरी डोळे भरून यायचे. सासूबाईंनी मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढली, शेजारच्या काकूंनी वणीच्या गडावर जाऊन यायला सांगितलं, आणि विंचूरहून आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, तुला काय कमी हे गं?" असा राग यायचा! पण निदान माझ्या रडण्याकडे सगळ्यांचं लक्ष तरी होतं.

नवरा अंबडच्या कंपनीतून घरी आला की चहावरून खेकसायचा. बसल्या जागी पाय हलवत राहायचा, मग "चक्कर मारून येतो" म्हणत मोटरसायकल काढून गंगापूर धरणाकडे निघून जायचा. त्याची दृष्ट कुणी काढली नाही. "पुरुष माणसाला टेन्शन राहतंच," सासूबाई म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. गेला एकदाचा, की घर शांत.

शेवटी तोच मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आमच्याकडे दवाखान्यात बायकोच्या वतीने नवराच बोलतो, अगदी तिची दाढ दुखत असली तरी. डॉक्टरांनी मला विचारलं, "काय होतंय?" आणि हा सुरू झाला.

"हिला झोप नाही. पहाटेच जाग येते, छातीत धडधडतं. जेवण मातीसारखं लागतं. गाडी चालवताना वाटतं, हँडल सोडून द्यावं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. रडून रडून मला तर गाढ झोप लागायची. त्याचा हलणारा पाय थांबला होता. मग तो घाईघाईने उठला. "तुम्ही हिचं बघा, मी बाहेर थांबतो."

धरणाकडचा तो रस्ता माझ्या डोळ्यांपुढे आला. मी त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली.

"डॉक्टर, मला गाडी चालवता येत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बसा," ते त्याला म्हणाले. तो बसला. खाली मान घालून म्हणाला, "फक्त आईला कळू देऊ नका."

घरी त्याच्या गोळ्याही माझ्याच म्हणून सांगितल्या. एवढ्या गोळ्या बघून सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी पुन्हा माझीच दृष्ट काढली. संध्याकाळी त्याने गाडी बाहेर काढली. "चक्कर मारून येतो."

मी चप्पल घातली आणि मागे जाऊन बसले.