मालकाचा आवाज, माझे इअरबड्स

इअरबड्स घेतले तेव्हा मी खूश होते, हे आधीच कबूल करते. नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल, हिला महागड्या वस्तूंचाच राग आहे. तसं नाही. मला भारी वस्तू आवडतात. इचलकरंजीत यंत्रमागावर राबलेल्या माणसाची मी मुलगी. घरातली पहिली पदवी माझी, तीही दोन विषय पुन्हा देऊन मिळवलेली. स्वतःच्या पगारातून काही घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

राग आहे तो ते घ्यावे का लागले याचा.

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली आणि मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात क्वालिटीची नोकरी धरली. ट्रॅक्टरला लागणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवतो. पत्रा ठोकून कापणारे सहा पॉवर प्रेस एका रांगेत, आणि रांगेच्या टोकाला माझं टेबल. मध्ये भिंत नाही, प्लायवूडचा आडोसा. प्रेस पडला की चहाच्या कपात वर्तुळं उठतात. वर्ष होत आलं तसं माझ्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. घरी आले, दार लावलं, पंखासुद्धा बंद केला, तरी ती चालूच.

त्या शिट्टीला मी घाबरले, कारण तिचं पुढे काय होतं ते मी घरात पाहिलंय. आमच्या आण्णांना आधी अशीच शिट्टी ऐकू यायची. मग ती सोडून बाकीचं ऐकू येईनासं झालं. आता फोन त्यांच्या उपयोगाचा नाही. आम्ही व्हिडिओ कॉल लावतो आणि आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलतो. मागांच्या खडखडाटात सगळे कामगार असेच बोलतात. मी लहानपणी डबा घेऊन जायचे, तेव्हा तिथेच शिकले. लोकांना हे ऐकून फार कौतुक वाटतं. मला वाटत नाही. बापाशी आवाजात बोलता येत नाही, यात कौतुक कसलं?

म्हणून मालकाकडे गेले. म्हटलं, माझं टेबल दुसऱ्या बाजूला हलवा आणि लाइनवरच्या सगळ्यांना कानावर घालायचे मफ द्या.

मालक खुर्चीत मागे रेलले. "मैडम जी, आप तो पढ़ी-लिखी हैं. वो अच्छेवाले बड्स ले लो ना, नॉइज़ कैंसल. मैंने लिए हैं. बीवी की आवाज़ तक नहीं आती."

अकाउंटंट हसला. मी हसले नाही. पण त्याच रविवारी सेक्टर बावीसच्या बाजारात जाऊन तेच इअरबड्स घेऊन आले. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. मी हक्काचं मागायला गेले होते आणि खरेदी करून परतले. शिकलेल्या माणसाला कुणी 'तुम्ही शिकलेले' म्हटलं की तो असा पटकन पाकिटाला हात घालतो.

दुकानदाराने ते कानात बसवून दिले आणि बाजाराची गजबज एकदम मागे गेली, कुणी अंगावर दुलई ओढावी तशी. किंमत आमच्या महिन्याच्या घरभाड्याच्या जवळपास. मला ती तेव्हा रास्त वाटली. अजूनही म्हणेन, बसमध्ये, विमानात, शेजारी ड्रिल मशीन चालू असताना घरी बसून काम करायचं असेल, तर ते पैसे वसूल होतात. घरर्र करत सतत चालणारा आवाज ते खरोखर गिळतात.

कारखान्यातही एक्झॉस्ट फॅन आणि कॉम्प्रेसरची घरघर पुसल्यासारखी गेली. प्रेसचा ठोका मात्र गेला नाही. त्याची धार बोथट झाली, पण दणका तसाच जबड्यापर्यंत यायचा. खोक्यातली पुस्तिका काढून वाचली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे कानांच्या संरक्षणाचं साधन नाही. म्हणजे मला शांत वाटत होतं आणि माझे कान मार खातच होते.

तरी मी ते काढले नाहीत. एवढे पैसे घातलेत ना. चौथ्या दिवशी त्याची शिक्षा मिळाली.

पत्रा कापणारा साचा, म्हणजे डाय, बोथट झाला की प्रेसचा आवाज बदलतो. चांगला डाय 'टक्क' म्हणतो, गेलेला 'थच्च' म्हणतो. तुकड्याच्या कडेला मग धारदार कंगोरा राहतो. मी टेबलावर बसून हा फरक ओळखायचे. बड्स घातल्यावर दोन्ही आवाज सारखेच, मऊ. त्या दिवशी चौथ्या प्रेसवर अर्धी पेटी खराब माल पडला आणि मला पत्ता नाही. पॅकिंगवाल्या बाईंचं बोट कापलं तेव्हा समजलं.

मालक तुकडा हातात घेऊन सगळ्यांसमोर आले. "कान में ये ठूँस के क्वालिटी होगी, मैडम?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं घ्यायला," मी हिंदीत म्हटलं.

"मैंने घर के लिए कहा था."

इतकं सरळ खोटं बोलताना माणसाचा चेहरा जरासुद्धा हलत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

चूक माझी होतीच. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. चौथ्या प्रेसवरचे ऑपरेटर बिलासपूरकडचे, पंधरा वर्षं त्याच मशीनवर. मी नवीन होते तेव्हा डायचा बिघाड ते माझ्या आधी ओळखायचे. त्यांच्या कानात तर काहीच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना त्यांना विचारलं, "भैया, आपने भी नहीं सुना?"

ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ओठांकडे बघत होते.

मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी अजिबात आवाज न काढता.

"नहीं मैडम," ते म्हणाले, "पता ही नहीं चला."

वर्षभर मी या माणसाशी रोज बोलत होते आणि मला दिसलं नव्हतं. आण्णांची मुलगी असून.

आमच्याकडे क्वालिटीच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. त्या संध्याकाळी दोन लॉट तयार होते. मी सही केली नाही. एका कागदावर तीन गोष्टी लिहून मालकाच्या टेबलावर ठेवल्या. सहा प्रेसवाल्यांना मफ, माझं टेबल भिंतीपलीकडे, आणि सगळ्यांची कानाची तपासणी.

"आप यूनियन लीडर कब से बन गईं?"

"लीडर नहीं हूँ जी. माल पर मेरा नाम जाता है. मशीन सुनाई न दे तो किस भरोसे साइन करूँ?"

ते बराच वेळ पंजाबीत फोनवर कुणाशी तरी बोलले. मी उभीच राहिले. बसा म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तरी बसले नसते.

दुसऱ्या दिवशी मफ आले, साधे, पिवळे. सहाच्या सहांची किंमत माझ्या बड्सच्या डबीएवढीही नसेल. टेबल हललं. मफ घालून आवाजावर विसंबता येत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला तुकडा उचलून कडा तपासायची असं मी ठरवून दिलं. हे आधीच करायला हवं होतं. त्यानंतर मी लॉटवर सह्या केल्या.

तपासणीबद्दल मात्र मालक काही बोलले नाहीत. बोलले ते बिलासपूरचे भैया. माझ्या नव्या टेबलापाशी येऊन, इकडेतिकडे बघत म्हणाले, "मैडम, वो टेस्टवाली बात काट दो. मैं फेल हो गया तो गाँव भेज देंगे. बेटी बारहवीं में है."

मला त्यांच्यावरही राग आला, खोटं कशाला सांगू? मग त्या रागाची लाज वाटली. त्यांचं चुकत नव्हतं. आण्णांनीही याच भीतीने कधी डॉक्टरला कान दाखवला नाही, आणि आम्ही त्यांच्या पगारावर शिकलो.

मी मालकाकडून कागद परत मागून घेतला, पण ते वाक्य खोडलं नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. तपासणीत ज्याला कमी ऐकू येतं असं निघेल त्याला त्याच पगारावर पॅकिंगला किंवा स्टोअरला घ्यावं, कामावरून काढू नये. मग तपासायच्या लोकांची यादी केली आणि सगळ्यात वर माझं स्वतःचं नाव लिहिलं. उद्या माझाच कान खराब निघाला तर मालक काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे.

कागद पुन्हा देऊन तीन आठवडे झाले. तपासणीची तारीख मिळालेली नाही. मी रोज सकाळी लाइनवर जायच्या आधी केबिनच्या दारात उभी राहते आणि विचारते. मालक कानातला एक बड काढून म्हणतात, "हाँ जी?" मी पुन्हा विचारते, पहिल्यापेक्षा मोठ्याने.