पंप कोणी दाबायचा

बायकोच्या दम्यापायी मी कधी घराबाहेर रात्र काढली नाही, असं आमच्या पोशीर गावात अजून सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. ती गेल्यावर उरलेलं सांगणारा मी एकटाच आहे.

ऐंशी सालाच्या आसपास शिळफाट्याच्या डॉक्टरांनी तिला तोंडात फवारायचा पंप दिला. तो दाबायचा आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा. तिला ते कधी साधलं नाही. फवारा जिभेवरच राहायचा. मग मी दाबू लागलो. मी ‘हां’ म्हणायचो, ती ओढायची. भात झोडताना तूस उडालं की ती खळ्यावरून माझ्याकडे धावायची. मला चार तासही कुठे जाता येत नसे. “अडकलोय रं,” असं मी पारावर सांगायचो, आणि सांगताना बरंही वाटायचं.

पुढे औषध आणायला एकटा गेलो, तेव्हा डॉक्टरांनी नवं यंत्र दिलं. त्यात कॅप्सूल घालून ते फिरवायचं, की कॅप्सूल उघडते; आतली पूड नुसती ओढायची. वेळ साधायला नको, दाबायला कोणी नको.

“आता त्या एकट्या घेतील,” डॉक्टर म्हणाले.

तेव्हा तिची आई ठाकुरवाडीला, माझ्या मेव्हण्याकडे, आजारी होती. बायकोला महिनाभर आईजवळ राहायचं होतं. ही एकटी औषध घेऊ लागली तर जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. यंत्र मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं.

“दोन दिस तुमी चला ना,” ती म्हणायची. मी लावणीचं कारण सांगायचो. आई वारली तेव्हा दोघं गेलो, आणि त्याच दिवशी परतलो.

दिवाळीनंतर तीही बरोबर आली, तेव्हा डॉक्टरांनी तिलाच विचारलं, “पुडीचं यंत्र कसं वाटतं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हणालो, “पावसात पूड दमटते. आमच्याकडं नाय चालत.”

 घरी आल्यावर तिने यंत्र मागितलं. मीठ दमटू नये म्हणून घालतात तसे भाजलेले तांदूळ एका डब्याच्या तळाला घातले, वर कॅप्सूल ठेवल्या. एक ओढून पाहिली. खोकली, मग मोकळी झाली.

सकाळी पिशवी घेऊन ठाकुरवाडीला निघाली.

“आता तिथं आई कुठं हाय?” मी विचारलं.

“आईची जागा हाय.” तिने पंप माझ्या हातात दिला. “ह्यो तुमी ठेवा.”

महिन्याने परतली. शेजारणींनी विचारलं, तर म्हणाली, “ह्यांनीच धाडलं.” ते मी आजवर खोडलं नव्हतं.