मारामारीचा शौकीन

मंगेश गेला हे मला कुणी फोन करून कळवलं नाही. मी तिथेच, रुग्णालयाच्या जिन्यावर बसलो होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. अतिदक्षता विभागाच्या दारातून त्याचे मामा बाहेर आले आणि इकडेतिकडे बघत चप्पल शोधू लागले. चपला त्यांच्या पायांसमोरच होत्या. "अनंता," ते म्हणाले, "माझी चप्पल दिसत नाय रे मला..." मग मला कळलं. मी उठलो आणि वाकून त्यांच्या पायांत चपला घातल्या. पोटातली प्लीहा फाटली होती, चार बरगड्या मोडल्या होत्या. तीन दिवस तो झुंजला. त्याला आता सव्वा महिना झाला.

मंगेशला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं वाक्य एकच येईल : मारामारीचा शौकीन माणूस. जयगडच्या बंदरात तो वजनकाट्यांची आणि मीटरांची देखभाल करायचा. दिवसपाळी संपवून घरी आला की आंघोळ, चहा, आणि मग जपानी कार्टूनपट. कार्टून म्हटलेलं त्याला खपत नसे. "मेल्या, पोरांचं नाय हे. ह्यात माणूस मेला की मेला," असं म्हणायचा. मी मस्कतहून सुट्टीवर आलो की मला समोर बसवून तो ते सिनेमे दाखवी. हाताने रंगवलेल्या भातखाचरांत दोन तलवारी भिडायच्या, एकाचा हात खांद्यापासून तुटून चिखलात पडायचा, आणि मंगेश रिमोट दाबून चित्र थांबवायचा. "आता बघ, ह्याच्या तोंडाकडे बघ. जिंकलाय, पण तोंड बघ." मला रक्ताशिवाय काही दिसायचं नाही. त्याला तोंडं दिसायची.

वाचायचा तेही तसलंच. चिनी मारामारीच्या लांबच लांब कादंबऱ्या, कुणीतरी इंग्रजीत आणलेल्या, हजार हजार प्रकरणांच्या. डोंगरावरचा मठ, बारा वर्षं पाणी भरणारा शिष्य, गुरूचा खून, सूड. बंदराच्या बसमध्ये तो त्या मोबाइलवर वाचायचा आणि उतरल्यावर सहकाऱ्यांना सांगायचा, तेही हातवाऱ्यांसकट. कुणाच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून म्हणायचा, "इथं दाबलं की संपलास." आणि लगेच, "चहा घेणार काय?" स्वतः मात्र त्याने उभ्या आयुष्यात कुणाला थोबाडीत मारली नाही. घरात पाल निघाली तरी काकींना, म्हणजे त्याच्या आईला, हाक मारायचा.

तिसरा नाद यंत्रांचा. मोठ्या नव्हे, खिशात मावतील अशा. गळ्यात अडकवायचा पंखा, टायरमध्ये हवा भरायचा मूठभर पंप, नावाच्या पट्ट्या छापायचं डबडं. मी विमानातून आणलेली प्रत्येक वस्तू तो आधी खोलायचा, आतलं बघायचा, पुन्हा बंद करायचा आणि मगच वापरायचा. बॅगा तोलायचा हुकाचा काटा मी त्याला दिला, तर तो दुसऱ्याच दिवशी मासळी बाजारात घेऊन गेला आणि सुरमई त्या हुकाला टांगली. मासेवालीने कोयता उगारून विचारलं, "माझ्यावर विश्वास नाय तुझा?" मंगेश घाबरून म्हणाला, "मावशी, तुझ्यावर आहे. काट्यावर नाय. त्याचीच परीक्षा घेतोय." ती इतकी हसली की सुरमई हुकावरून निसटली.

हे सगळं कुठून आलं, याचा मी त्याच्या हयातीत विचार केला नाही. करायला हवा होता. आम्ही आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एकाच वाडीतले. त्याचे वडील मच्छीमार होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. समुद्रावर शांत, घरात आले की हात चालायचा. होडीवरची ओली नायलॉनची दोरी दुमडून मारायचे. आमच्या पडवीत आवाज यायचा तो फक्त दोरीचा. मंगेशचा आवाज कधी आला नाही. माझी आई चुलीपुढून उठायची, दारापर्यंत जायची, आणि परत यायची. कुणीच गेलं नाही कधी. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या सदऱ्यावर पाठीमागे तांबूस पट्टे उमटलेले असायचे, आणि तो मला आदल्या दिवशी वाचलेल्या गोष्टीतला तलवारबाज कसा उडी मारतो ते दाखवायचा. दहावीच्या वर्षी एकदा वडिलांनी काकींवर हात उचलला, तेव्हा मंगेशने तो हवेतच धरला. मी अंगणात होतो, मी पाहिलं. बाप ओढत होता आणि हात सुटत नव्हता. हिसकाहिसकीत बापाच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मग मंगेशनेच हात सोडला. दोरी घेतली, विहिरीत टाकली आणि अभ्यासाला बसला. त्यानंतर त्या घरातून आवाज आला नाही.

आता तो दिवस. मी सुट्टीवर आलो होतो. दुपारी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून हातखंब्याच्या दिशेने निघालो होतो, गाडी मी चालवत होतो. महामार्गाला लागण्याच्या अलीकडे रस्त्यात गर्दी दिसली. एक टेम्पो आडवा, एक स्कूटर पडलेली. टेम्पोचा स्कूटरला धक्का लागला होता. स्कूटरवरची बाई रस्त्याच्या कडेला बसली होती, तिच्या मांडीवर सहासात वर्षांची मुलगी. गुडघा खरचटलेला, रडत होती. म्हणजे जिवंत होती. पण गर्दीच्या मागच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, "पोर मेली!" आणि ती आरोळी पुढे पोचेपर्यंत ड्रायव्हरला खाली खेचलं होतं.

सिनेमात मारामारीला लय असते. इथे नव्हती. पंधरावीस माणसं एकाच माणसाला मारताना एकमेकांच्याच पायांत येत होती. कुणी लाथ, कुणी चप्पल, एकाच्या हातात चाक खोलायचा पाना होता. आवाज ओला होता, कणीक परातीवर आपटावी तसा. त्यात ओळखीचे चेहरे होते. एक तर माझ्या वर्गातला, माझ्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिलेला. मंगेश मागच्या सीटवरून उतरला. त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "धर," एवढंच म्हणाला. मला वाटलं समजावायला जातोय. तो गर्दीत कोपरं मारत घुसला नाही, खाली वाकून पायांमधून शिरला आणि त्या ड्रायव्हरवर पालथा पडला... झाकण घालावं तसा.

ते थांबले नाहीत. एक क्षण थांबले, आणि मग ह्याला मारू लागले. पाना दोनदा वर गेलेला मी पाहिला. आमच्यात वीसेक पावलांचं अंतर होतं. गाडी चालू होती, ती मी बंदसुद्धा केली नाही. दोन्ही हातांत हेल्मेट धरून उभा राहिलो. शेवटी ती स्कूटरवाली बाईच लेकीला उचलून घेऊन गर्दीत आली आणि किंचाळली, "जिवंत आहे माझी पोर! बघा, डोळे फुटले काय तुमचे?" तेव्हा हात थांबले. माणसं पांगली. पाना रस्त्यावर पडला होता.

तेराव्यानंतर एक दिवस तो ड्रायव्हर काकींना भेटायला आला. दत्तू त्याचं नाव, कराडकडचा. एक हात गळ्यात, जबड्यावर पट्टी. काकींच्या पायांवर डोकं ठेवून तो बराच वेळ रडला. मग सांगू लागला. "आई, दादा माज्या कानात बोलत व्हतं. म्हनले, अंग सैल सोड. ताठ झालास की हाड मोडंल. हनुवटी छातीला लाव. फटका येताना श्वास सोड. घाबरू नको, दमत्यात, मारनारी मानसं दमत्यातच... लै शांत बोलत व्हतं, आई. जनू शाळंत शिकवत्यात."

काकी भिंतीला टेकल्या. ही विद्या कुठल्या मठातली हे त्या खोलीत दोघांनाच कळलं, त्यांना आणि मला.

दत्तू गेल्यावर काकींनी विचारलं, "अनंता, तू होतास ना तिथं?"

"होतो, काकी."

"मग काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. हेल्मेटसुद्धा. पोलिसांना मी तोवर 'गर्दीत चेहरे दिसले नाहीत' असं सांगितलेलं होतं, तेही सांगितलं. काकी जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. मग दुसरी, मग तिसरी. सत्तरीची बाई, पण मासळी साफ केलेले हात. ओठ फुटला. मी हात वर केला नाही. त्या दमल्या आणि खाली बसल्या. "माझ्या पोराला मार पडायचा तेव्हा मी पण दारातच उभी असायची," त्या म्हणाल्या. "आता जा. नावं सांग जा."

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो आणि चार नावं दिली. चौथं नाव माझ्या वर्गमित्राचं. लिहून घेणाऱ्या हवालदाराने मान वर करून विचारलं, "नक्की ना? ह्यांच्या शेजारात राहायचंय तुम्हाला." मी सही केली. आठवड्याने आमच्या खिडकीची काच फुटली. माझी बायको वाडीतल्या विहिरीवर जाते तेव्हा बाकीच्या बायका गप्प होतात. मस्कतचं तिकीट मी पुढे ढकललंय, कोर्टात उभं राहायचंय.

आता संध्याकाळी मी काकींकडे जातो. परवा त्यांनी मला मंगेशच्या खोलीत बोलावलं. त्यांनी केर काढलेला होता, दोन खुर्च्या टीव्हीसमोर मांडलेल्या होत्या. त्या सकाळी तो एक सिनेमा अर्धवट ठेवून उठला होता, पडद्यावर अजून तेच थांबलेलं चित्र यायचं : बर्फात एकटा उभा माणूस, तलवार म्यानात, समोर सात जण. "हा लाव," काकी म्हणाल्या. जपानी बोलणं आम्हा दोघांनाही कळणार नव्हतं, खालच्या इंग्रजी ओळी मलाही अर्ध्याच. मी रिमोट हातात घेतला.

"मरतो काय रे हा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काकी. मी पाहिलेला नाही."

त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची थोडी पुढे ओढली. "मग बघू," त्या म्हणाल्या. "मधेच उठू नको हां."