काल दुपारी काय खाल्लं?

‘जेवलात का?’ असं विचारून उत्तराची खरोखर वाट बघणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच आहे, आणि तो नेमका आमचा साडू निघावा, हे आमचं नशीब. बाकी आपण सगळे रामराम म्हणावं तसं ‘झालं का जेवण?’ म्हणतो, समोरचा ‘झालं’ म्हणतो आणि विषय संपतो. साडूंचा विषय तिथून सुरू होतो. देशभर लोक काय आणि किती खातात याची जी सरकारी पाहणी चालते, तिच्यासाठी ते घरोघर फिरून माणसांना कालचं खाणं आठवायला लावतात. पिशवीत लहानमोठ्या मापाच्या स्टीलच्या वाट्या. कुणी आमटी म्हटलं की वाट्या मांडून विचारणार, यातली कोणती? बरं, हे कामापुरतं असतं तर ठीक. आळंदीला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामांना मठ्ठा किती प्यालात ते विचारलं. मामांना वाटलं, मुलीकडचे आपलं खाणं मोजतायत. ते रुसले ते रुसलेच.

चाकणजवळच्या एका जुन्या शेतकरी घरी साडू एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पोचले. तिथल्या आजी म्हणाल्या, काल कायबी खाल्लं न्हाई, उपास व्हता. दुसरा कुणी शून्य टाकून पुढच्या दाराला गेला असता. साडूंनी बैठक मारली आणि खिचडी, रताळ्याचा कीस, भगर, दाण्याची आमटी, केळी, वर पेलाभर दूध असं एकेक बाहेर काढलं. आजी भडकल्या. “उपासाचं कुठं धरत्यात व्हय?” साडूंनी सगळं धरलं.

आम्ही पोट धरून हसायचो. पण गेल्या हिवाळ्यात माझी आई वाळायला लागली. वडील गेल्यापासून ती दिघीला आमच्याकडे असते. मी आणि बायको दोघंही चाकणला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तशी माझी झोपच उडाली. पिंपरीला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडेना. दुपारी फोन करून विचारावं, तर ‘जेवले’ म्हणायची.

एका रविवारी साडू आले आणि सवयीने त्यांनी आईला कालची दुपार विचारली. जेवले की, ती म्हणाली. काय जेवलात? पोळी-भाजी. साडूंनी लगेच वाट्या मांडल्या. आईने एक वाटी उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, चहात टोस्ट बुडवून खाल्ला, एकटीसाठी कुठं ताट वाढून घ्यायचं! साडूंनी वाट्या पिशवीत घातल्या आणि म्हणाले, “मावशी, मला भूक लागलीय. दोन ताटं वाढा.” पुढे महिनाभर हा गृहस्थ भोसरीतलं काम अर्ध्यावर टाकून भर दुपारी आमच्याकडे जेवायला येत होता. आईचा चेहरा भरला.

आता त्यांना मराठवाड्यात पाठवलंय. मी दुसरी शिफ्ट मागून घेतली. दुपारी मी आणि आई समोरासमोर जेवतो. परवा चटणी वाढता वाढता ती म्हणाली, काय खाल्लं, किती खाल्लं विचारतात, कुणाबरोबर खाल्लं ते का रे विचारत नाहीत? मी साडूंना फोन लावून तिचा प्रश्न सांगितला. आमच्या फॉर्मात तसा रकानाच नाही, ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, “असता ना राव, तर आज माझा रिकामाच राहिला असता.”