सगळ्यांसाठी बिस्किटं

आलिदा बूर्माने आयुष्यातली चौतीस वर्षं कालव्याकाठच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात काढली. साबणाची, चहाची, टोस्टची खोकी छापून आली की प्रत्येक गठ्ठ्यातलं एक उचलायचं आणि अक्षर न अक्षर वाचायचं, हे तिचं काम. एकदा तिला साखरेच्या खोक्यावर वजनाचा आकडा चुकलेला सापडला, तर मालकाने अकरा हजार खोकी लगद्यात घातली. ही गोष्ट तिने मला निदान शंभर वेळा सांगितली असेल. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे सुटका नव्हती.

"छापलेलं खोटं नसतं, स्टीन," ती म्हणायची. "खोटं असतं तर माझ्यासारखी कुणीतरी बसलेली असतेच ना तिथे!"

"तू निवृत्त झालीस की, बाई," मी म्हणायचे.

ती हसायची. मीही हसायचे. आता नाही हसत. त्या ऑक्टोबरातल्या शनिवारपासून नाही.

आलिदाला जगात एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे शेंगदाणा. तिची नात फेन्ना तीन वर्षांची असताना शेंगदाण्याचं लोणी लावलेल्या पावाचा एक घास खाऊन मरता मरता वाचली होती. आता ती नऊ वर्षांची आहे. तेव्हापासून तिच्या आईने, म्हणजे इल्झेने, नियम घालून दिला होता : फेन्ना जे खाईल त्याचं पाकीट आधी इल्झे वाचणार. दुसरं कुणी नाही. अगदी आजीसुद्धा नाही. आलिदाला हे लागलं होतं. चौतीस वर्षं खोकी वाचलेल्या बाईला तिचीच मुलगी सांगते की तू वाचू नकोस!

त्यात आमच्याकडचे वाढदिवस. खुर्च्या गोल मांडायच्या, आलेल्या प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, कॉफी घ्यायची, मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातोहात फिरतो. एकेक उचलायचं की झाकण बंद. दुसरं मागायची पद्धत नाही. डबा फेन्नापाशी आला की ती मान हलवून पुढे द्यायची आणि घरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतलं आपलं सुकं बिस्कीट काढायची. पोर तक्रार करत नसे. पण आलिदा तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची, ते मी दर वर्षी पाहिलंय.

बाहत्तराव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती निळा पुडा घेऊन माझ्याकडे आली. चर्चमागे नवं दुकान निघालंय, सगळं म्हणे नैसर्गिक, तिथून आणलेला. पुड्यावर हातात हात घालून नाचणारी मुलं, जाडजूड बिस्किटं, त्यांतून ओघळणारा रासबेरीचा मुरंबा. आणि ढब्बू अक्षरांत : शेंगदाणे नाहीत. बदाम-काजू नाहीत. सगळ्यांसाठी!

"बघ," ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला होता की मला तेव्हाच बरं वाटेना.

"इल्झेला दाखवलंस?"

"तिची शनिवारी फेरीबोटीवर पाळी आहे. आणि दाखवायचं काय त्यात? मला वाचता येतं."

आम्ही पुडा फोडला. आत निम्मी हवा. बिस्किटं नाण्याएवढी, पातळ, आणि मुरंबा म्हणजे मधोमध एक लाल ठिपका. मी एक तोंडात टाकलं. "खऱ्या लोण्याचा स्वाद" म्हणे! लोण्याचा त्या बिस्किटाशी काडीचाही संबंध नव्हता. कडवट, वर जिभेला चिकटणारं.

आलिदा बराच वेळ चावत राहिली. "पुठ्ठा चौतीस वर्षं हाताळला," ती म्हणाली, "पण खाल्ला आज पहिल्यांदा."

आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तिथेच मला कळायला हवं होतं. ज्या पुड्याने लोण्याबद्दल, मुरंब्याबद्दल आणि मापाबद्दल थाप मारली, तो शेंगदाण्याबद्दल तेवढा खरं कशाला बोलेल? मी बोलले नाही. आमच्याकडे आनंदात असलेल्या माणसाला कुणी टोकत नाही. आणि आपल्याकडे विकतची बिस्किटं पुड्यातून कोण वाढतं? तिने ती डब्यात नीट रचली आणि रिकामा पुडा चपटा करून जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात बांधला. पुड्याची मागची बाजू दोघींपैकी एकीनेही पाहिली नाही.

शनिवारी दुपारी आम्ही नऊ जण गोलात बसलो होतो. डबा फिरत फेन्नापाशी आला, ती सवयीने पुढे देऊ लागली, तेव्हा आलिदा म्हणाली, "आज घे, राणी. आज तुझ्यासाठीही आहेत."

फेन्नाने आधी आजीकडे पाहिलं, मग डब्यात. किती हळू उचललं तिने ते बिस्कीट! आणि अख्खं खाल्लं. चव कशी वाटली विचारल्यावर म्हणाली, "वाईट नाही." आमच्या भागात याहून मोठं कौतुक नसतं. आलिदा नुसती फुलली.

पाच मिनिटं झाली असतील. फेन्ना खुर्चीवरून उतरली आणि आपल्या ओमाच्या, म्हणजे आजीच्या, कानाशी गेली. "ओमा, माझी जीभ खाजतेय."

"त्यात काही नाहीये गं बाळा. मी वाचलंय."

पोर परत जाऊन बसली. आजीने वाचलंय म्हटल्यावर ती तरी काय करणार? मग तिने मान खाजवली. मग ओठ. आलिदाचा दीर हार्म म्हणाला, "पाणी द्या तिला." कुणीतरी पाणी दिलं. ते गळ्याखाली उतरेना, ओघळून तिच्या झग्यावर सांडलं. तिचा वरचा ओठ सुजला होता आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता.

"आलिदा, पेन!" मी ओरडले.

ते इंजेक्शनचं पेन फेन्नाच्या पिशवीत कायम असतं. मांडीत दाबून धरायचं, बस. इल्झेने आम्हा सगळ्यांना खोट्या पेनावर शिकवलं होतं. आलिदाने ते काढलं. आणि हातात धरून तशीच उभी राहिली.

"शेंगदाणे नाहीत त्यात," ती म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "छापलंय तसं. दुसरंच काहीतरी झालंय हिला. कारण नसताना टोचलं आणि हृदय बंद पडलं तर? स्टीन, पुडा आण. पुड्यावर आहे. पुडा आण!"

मी ते पेन तिच्या हातातून हिसकावून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. ती म्हणाली पळ, आणि मी अडुसष्ट वर्षांची बाई पळत सुटले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावातले बँडवाले ट्रॅक्टर घेऊन जुने कागद गोळा करतात, त्या रद्दीच्या पैशांवर त्यांची वाद्यं दुरुस्त होतात. आलिदाचा गठ्ठा फाटकापाशी नव्हता. ट्रॅक्टर कोपऱ्यावर दिसला आणि मी घरच्या सपातांत, ओल्या रस्त्यावरून ओरडत धावले. ढोलवाला रूल्फ गाडीवर उभा होता.

"काय हरवलं, मावशी? लॉटरीचं तिकीट?"

"आलिदाचा गठ्ठा! पोर मरतेय!"

त्याच्या तोंडचं हसू तिथेच विरलं. गठ्ठा वरच होता. दोरी सुटेना, तर त्याने ती दातांनी तोडली. निळा पुडा उलटा केला. चष्मा माझ्या घरी टेबलावर. "वाच," मी म्हटलं, "मागचं वाच." रूल्फ वाचू लागला : तांदळाचं पीठ, ताडाचं तेल, ल्युपिनचं पीठ. आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ल्युपिन शेंगदाण्याच्याच कुळातली शेंग आहे, शेंगदाणा सोसत नसेल त्यांनी सांभाळावं.

समोर नाचणारी मुलं, आणि मागे मुंगीएवढं सांभाळावं! ज्याने तो पुडा असा छापला त्याचा हात मला दिसला असता तर मी चावले असते.

मी परत पोचले तेव्हा फेन्ना जमिनीवर होती. ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले. हार्म रुग्णवाहिकावाल्यांशी फोनवर होता आणि किंचाळत होता, "ती बाई म्हणतेय मारा! आधी मारा!" आणि आलिदा गुडघ्यांवर बसलेली, पेन मुठीत, त्याचं निळं झाकण अजून जागच्या जागी. ती दाराकडे बघत होती. माझी वाट बघत होती.

"आहे त्यात! शेंगदाण्याची बहीण आहे! मार!"

तिने झाकण काढलं आणि पोरीच्या मांडीत पेन दाबलं. खट् असा आवाज झाला. आम्ही सगळे मोठ्याने आकडे मोजू लागलो. इतक्या वर्षांत एका खोलीत इतकी घाबरलेली माणसं मी पाहिली नव्हती. दहापर्यंत मोजून झालं, आणखी दहा झाले, तरी शिट्टी चालूच. मग ती जरा जाड झाली, मग खोकला आला, आणि फेन्ना रडली. ते रडणं ऐकून जीव भांड्यात पडला. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता.

शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. रात्रभर देखरेखीखाली ठेवू, सकाळी घरी न्या. इल्झे बोटीवरच्या निळ्या गणवेशातच धावत आली. मुलीला कवटाळून झाल्यावर तिने पुडा मागितला, मीच तो बरोबर आणला होता. तिने समोरचं वाचलं, मागचं वाचलं. मला वाटलं, आता ही आईला फाडून खाणार.

आलिदाने तिला संधीच दिली नाही. "मी मागे वाचलं नाही," ती म्हणाली. "आणि ते जाऊ दे. पोर समोर जीव सोडत होती, इल्झे. ओठ मला दिसत होते. आणि मी कागदाची वाट बघत थांबले."

इल्झेने पुडा घडी करून गणवेशाच्या खिशात घातला.

संध्याकाळी नर्सने फेन्नाला सफरचंदाच्या मुरंब्याची लहानशी वाटी आणून दिली, वर कागदी झाकण चिकटवलेलं. फेन्नाने ती नेहमीप्रमाणे आईपुढे धरली. इल्झेने हातात घेतली, पण वाचली नाही. ती आलिदाकडे दिली.

"तू वाच, आई."

मी खिडकीशी उभी होते. पोरीने एवढं मोठं मन कुठून आणलं कोण जाणे.

आलिदाने चष्मा लावला. वाटी फिरवून फिरवून चारही बाजूंनी पाहिली, तळाशीही पाहिलं. मग हलक्या आवाजात वाचलं, "सफरचंद. साखर." एवढंच होतं. तिने पुन्हा वाचलं. झाकण दिव्याकडे धरून तिसऱ्यांदा वाचलं.

"ओमा," फेन्ना म्हणाली, "मला भूक लागलीय. नुसतं सफरचंदच आहे ते."

"तसं लिहिलंय खरं," आलिदा म्हणाली, आणि वाटी काही तिच्या हातून सुटेना.