झोपाळा बघायला आलेली माणसं

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झोपाळ्याला जागाच नव्हती. म्हणून बाबांनी नोएडात फ्लॅट घेतला तेव्हा आईने सगळ्यात आधी बाल्कनीत कड्या ठोकून घेतल्या. गॅस नंतर आला. तेव्हा समोर नुसतं मोहरीचं पिवळं रान होतं. तिथे एकेक टॉवर उगवताना तिने झोके घेत घेत पाहिला.

आई गेली, झोपाळा राहिला. दुपारी वारा सुटला की तो आपला आपण हलायचा, कडी कुरकुरायची आणि बाबा अर्धवट झोपेत "आलो गं" म्हणत उठायचे. एकदा म्हणाले, "काढून टाक बाई. मला नाही बघवत."

मी फोटो काढून जुन्या वस्तूंच्या साइटवर टाकला. विकण्याचं कारण काय लिहायचं? सगळे लिहितात तेच लिहिलं, 'शिफ्टिंग'. आम्ही कुठेही जाणार नव्हतो.

लोक यायला लागले आणि बाबांनी चक्क दाखवण्याचा कार्यक्रम मांडला. येईल त्याला कांदेपोहे. वर चौकशी, "घर में कौन-कौन है? शाम को साथ बैठते हो?" एकाला तो कॅफेत टांगायचा होता. नकार. एकाची पोरं बुटांसकट चढली. नकार!

"अहो बाबा, झोपाळा विकतोय आपण, मुलगी नाही देत!" मी वैतागून म्हटलं.

"तेच ते," म्हणाले.

मग गाझियाबादहून एक मुलगा आईला घेऊन आला. तिने चपला काढल्या, फळीला हात लावून कपाळाला नेला आणि बसली. डोळे मिटले. हलकेच झोका सुरू झाला, कडी तशीच कुरकुरली. बाहेर धुरकट ऊन होतं. त्या उजेडात क्षणभर मला ते पाय आईचेच दिसले.

"ले जाओ," बाबा म्हणाले. झोपाळा निघताना त्यांनी फळीला कुंकू लावलं. टेम्पो वळेपर्यंत गेटपाशी उभे होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "बघ गं साइटवर, परत विकायला नाही ना आला?" नाही म्हटलं की निवांत चहा प्यायचे. मी हसायचे त्यांना.

बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी तो दिसला. तीच फळी, कुंकवाचा पुसट डाग. कारण, 'शिफ्टिंग'.

लपवावं असं वाटलं, पण बाबांनी फोन हातातून घेतला. फोटो बराच वेळ बघितला.

"परत आणायचा का?" मी विचारलं.

"नको." त्यांनी चष्मा पुसला. "शिफ्टिंग कसलं डोंबलाचं! आई गेली असणार त्या मुलाची. चपला घाल, भेटून येऊ त्याला."