राजाचं तोंड झिजलेली गिन्नी

मुलांनो, धुळ्याच्या अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्या गिन्नीवाल्या?" आणि लगेच, "किती किमतीची होती ती?" मी उत्तर दिलं नाही. चिडले होते. चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

इंग्रजीत गिन्नी म्हणजे एकवीस शिलिंगांचं जुनं नाणं. अक्कांची गिन्नी ती नव्हतीच. तो वीस शिलिंगांचा सॉव्हरिन. मी तसं सांगितलं की गाईपुढे गिन्नी गवत टाकता टाकता अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, "तुनी इंग्रजी तुनाजोडे ठेव, सुमन. आठे हाई गिन्नीच शे." आमच्याकडे दागिन्याच्या सोन्यालाही सराफ गिन्नी सोनंच म्हणतात, वाद घालणार कोणाशी?

अक्कांच्या गल्लीत मात्र गिन्नी एकाच कामाची. कुठे मूल जन्मलं की त्या घरचं माणूस दारात यायचं. अक्का देव्हाऱ्यातली गिन्नी सहाणेवर मधात उगाळायच्या आणि ते चाटण स्वतः नेऊन बाळाच्या जिभेला लावायच्या. कुणाचं मूल, कुठल्या जातीचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या लेकाला, तुमच्या बाबांनाही, तेच चाटण मिळालं. उगाळून उगाळून तिच्यावरच्या राजाचं नाक गेलं, मग तोंडही. "लॉकरमध्ये ठेवा," मी म्हणायचे. "मंग पोरेसले काय चटाडू, चावी?"

तेराव्याला मी त्यांच्या मुलाला, रमेशला, बजावलं होतं, गिन्नी मोडू नकोस, ती गल्लीला लागते. "हो मामी," म्हणाला. पुन्हा धुळ्याला गेले, तर जळगावच्या सराफाकडून गिन्नी वितळवून करून आणलेली अंगठी त्याच्या बोटात. वर तक्रार, की आईनं घासून वजनच ठेवलं नव्हतं... तेवढ्यात शेजारच्या गंगूबाई आल्या. नातू झाला होता, गिन्नी हवी होती. रमेशनं अंगठी काढून पुढे केली. सोनं तेच आहे म्हणाला. त्यांनी तिला हात लावला नाही.

"हाई तुनी शे, भाऊ," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी सहाण मागून घेतली. तिचं काय करायचं हे रमेशला ठाऊकच नव्हतं. आता ती माझ्या देव्हाऱ्यात आहे. मधोमध पिवळट रेघ आहे, धुतली तरी जात नाही. गिन्नी राहिली नाही. सहाण आहे.